1975 ची प्रीमियर पद्मिनी आणि तिच्या सात वह्या : दहा महिन्यांचा अनुभव

साताऱ्याच्या एका काकांकडून ही गाडी घेतली, त्याला दहा महिने झाले. 4,200 किलोमीटर चालवली. काका पहिलेच मालक. त्यांनी गाडीसोबत एक फाईल आणि सात वह्या दिल्या. तेव्हा त्या नुसत्या आठवण म्हणून ठेवून घेतल्या होत्या. आता वाटतं, मोजलेल्या पैशांतले निम्मे त्या वह्यांचेच होते.

फाईलमधला सर्वांत जुना कागद 1969 च्या बुकिंगची पावती. तेव्हा गाडीसाठी वर्षानुवर्षं थांबावं लागायचं. बुकिंग केलं ते फियाट 1100 चं. गाडी दारात आली तोवर कुर्ल्याच्या कारखान्यातून तीच गाडी ‘प्रीमियर पद्मिनी’ म्हणून निघू लागली होती. काका मात्र अजूनही ‘आमची फियाट’च म्हणतात.

वह्यांत प्रत्येक वेळचं पेट्रोल, मीटरचा आकडा, ग्रीसिंग, प्लग, पॉइंट, सगळं तारखेनिशी. मीटर पाच आकडी. घेताना त्यावर 43 हजार दिसत होते, ते दुसऱ्या फेरीतले, हे वहीमुळेच कळलं. 1988 मध्ये मीटरची केबल तुटली, ते चार महिने काकांनी अंदाजाने लिहिलेत आणि शेजारी ‘अंदाजे’ असंही लिहिलंय. या एका शब्दामुळे बाकीच्या आकड्यांवर माझा विश्वास बसला.

खरा उपयोग एप्रिलमध्ये झाला. पुण्याहून साताऱ्याला जाताना भर दुपारी खंबाटकी घाटात गाडी बंद पडली. स्टार्टर फिरतोय, पण इंजिन उचलत नाही. वही डिकीत होती. मे 1983 ची नोंद सापडली : ‘खंबाटकी. तापून बंद. एसी पंपावर ओलं फडकं. 20 मिनिटं. चालू.’ एसी पंप म्हणजे इंजिनावरचा पेट्रोलचा पंप. तो तापला की नळीत पेट्रोलची वाफ होते आणि कार्बोरेटरला पेट्रोल पोचत नाही. ओलं फडकं गुंडाळलं, बॉनेट उघडं ठेवून थांबलो. पंचवीस मिनिटांनी चालू झाली. पिण्याचं पाणी संपलं तेवढंच.

चालवायला कशी? 1089 सीसीचं इंजिन सपाट रस्त्यावर ताशी 60-65 वर अगदी खूश असतं. गियरचा दांडा स्टिअरिंगपाशी. हात बसायला मला पंधरा दिवस लागले. चारही चाकांना ड्रम ब्रेक, त्यामुळे पुढच्या गाडीपासून नेहमीपेक्षा दुप्पट अंतर ठेवतो. पावसात तर जास्तच. पुढची सीट सलग असल्याने आई मध्ये बसते, आणि दाराची ती छोटी त्रिकोणी काच फिरवली की वारा थेट अंगावर येतो. एसीची आठवण फक्त सिग्नलला होते. लिटरला 11-12 किलोमीटर पडतात. इथेनॉलच्या पेट्रोलने रबरी नळ्या फुगल्या होत्या, त्या सगळ्या बदलल्या.

आता तक्रारीची बाजू. सहाव्या वहीत अकरा महिने कोरे आहेत. काकू आजारी होत्या, गाडी अंगणात उभी होती, त्या काळाच्या दोन्ही टोकांना आलेला पाऊस तिने अंगावर घेतला. मी त्यावर काही विचारलं नाही. जुलैत मॅट उचलली तर ड्रायव्हरच्या पायाखालचा पत्रा बोटाने दबत होता. पत्र्याच्या कामाला गाडीच्या सगळ्या सर्व्हिसिंगपेक्षा जास्त खर्च आला. काकांनी काही लपवलं नव्हतं. कोरी पानं मला वाचता आली नाहीत. तुम्ही अशी गाडी बघायला गेलात, तर नोंदी जिथे थांबतात तिथलंच आधी विचारा आणि मॅट उचलून बघा.

पार्ट? मुंबईच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर 2023 मध्ये रस्त्यावरून कायमच्या गेल्या, आणि त्यांच्यासाठी पार्ट ठेवणारी दुकानंही हळूहळू आवरू लागली. मी रविवारी पुण्यात मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात फिरतो. दाराचं हँडल मिळालं, काचेचं रबर अजून नाही.

पन्नास वर्षं झाल्यावर व्हिंटेज नोंदणी करता येते, नंबरात ‘व्हीए’ अक्षरं येतात. कागद इतके चोख आहेत की अर्ज सहज झाला असता. पण मग प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती यांपलीकडे गाडी बाहेर काढता येत नाही. आईला मंडईत न्यायची आहे, म्हणून नेहमीचीच नोंदणी पुढे चालू ठेवली.

दिवाळीआधी मागचे पाटे, म्हणजे धक्के झेलणाऱ्या स्प्रिंगच्या पोलादी पट्ट्या, उतरवणार आहे. वहीप्रमाणे ते शेवटचे 1996 मध्ये उतरवले होते.