टायपोग्राफीचा इंग्रजी कोर्स आणि आमचा मराठी अंक : सात महिन्यांनंतर

साडेतीन हजार रुपये भरून जूनमध्ये हा ऑनलाइन कोर्स घेतला, तेव्हा सासूबाईंनी विचारलं, "अक्षरं मांडायला शिकायचं म्हणजे काय गं? टाइप तर करतेसच की." प्रश्न रास्त होता. आमच्या वाचनालयाच्या वार्षिक अंकाची मांडणी मी सहा वर्षं वर्डमध्ये करत आले आहे. दर लेखाच्या मथळ्याला वेगळा फाँट, त्याला सावली, भोवती वेलबुट्टीची चौकट. ते जुने अंक आता काढले की लग्नपत्रिकांचा गठ्ठा हातात आल्यासारखं वाटतं.

कोर्सचं नाव मुद्दाम देत नाही. नंतर मी चाळलेले आणखी दोन कोर्सही याच साच्याचे निघाले.

आधी चांगलं सांगते. पहिल्या तीन प्रकरणांतच पैसे वसूल झाले. पहिला गृहपाठ असा : एकच फाँट, एकच आकार, एकच जाडी, काळा रंग. एका कार्यक्रमपत्रिकेत काय आधी वाचलं जावं आणि काय नंतर, हे फक्त मोकळ्या जागेच्या जोरावर दाखवायचं. मला चार संध्याकाळी लागल्या. 'ठळक'चं बटण दाबायला बोटं नुसती शिवशिवत होती. दुसऱ्या गृहपाठात दोन जाड्या वापरायची मुभा मिळाली, तेव्हा घबाड सापडल्याचा आनंद झाला. डोळे किलकिले करून पान बघायचं आणि नजर पहिल्यांदा कुठे जाते ते टिपायचं, ही सवय तिथेच लागली. आता एसटी स्टँडवरचं वेळापत्रकही मी तसंच बघते.

मग आकडे सुरू झाले आणि घोडं अडलं. ओळींमधलं अंतर अक्षराच्या आकाराच्या १२० ते १४५ टक्के ठेवा, असं कोर्स सांगतो. म्हणजे १२ पॉइंटच्या मजकुराला साधारण साडेचौदापासून पुढे. लॅटिन अक्षरांना ते पुरतं. आपलं अक्षर शिरोरेषेला टांगलेलं. तिच्या वर मात्रा, वेलांट्या, रफार, अनुस्वार आणि खाली उकार, ऋकार, जोडाक्षरांचे पाय. साडेचौदावर छापलं तर वरच्या ओळीतल्या 'दृष्टी'चा ऋकार खालच्या ओळीतल्या 'कैरी'च्या मात्रांत जाऊन अडकला. शेवटी १२ पॉइंट मजकुराच्या १५, १७ आणि १९ पॉइंट अंतराच्या तीन पट्ट्या छापून फ्रिजवर चिकटवल्या. सासूबाईंनी चष्मा लावून मधली निवडली. तिसरीत म्हणे एका ओळीवरून दुसरीवर चालत जावं लागतं.

गावात एक निवृत्त जुळारी आहेत, सगळं आयुष्य छापखान्यात शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवण्यात गेलेले. त्यांना 'लेडिंग', म्हणजे ओळींमधलं अंतर, हा शब्द समजावायला गेले, तर त्यांनीच मला शिकवलं : ओळींमध्ये शिशाच्या पट्ट्या घालायच्या, म्हणून लेडिंग. कोर्समध्ये हे होतं, पण एका वाक्यात. इतिहासाचं प्रकरण तर गुटेनबर्गपासून निघून १९५७ च्या हेल्व्हेटिका फाँटवर थांबतं. जावजी दादाजींच्या निर्णयसागर छापखान्याने मुंबईत देवनागरी खिळ्यांचं जे काम करून ठेवलं, त्याचा उल्लेखही नाही. अपेक्षाही नव्हती म्हणा.

मथळ्यांचे नियम सगळ्यांत जास्त फसवे निघाले. 'अक्षरांमध्ये थोडी जागा सोडा, मथळा श्वास घेईल.' मी सोडली. शिरोरेषा जागोजागी तुटली आणि मथळा डबे सुटलेल्या मालगाडीसारखा दिसू लागला. कॅपिटल अक्षरं आपल्याकडे नाहीत, तिरपं अक्षर आपल्या वळणाचं नाही. मग उरतं काय? आकार, जाडी आणि जागा. म्हणून फाँट निवडतानाच त्यात किती जाड्या आहेत ते बघायला लागले. मुंबईच्या 'एक टाइप' या फाँट बनवणाऱ्या संस्थेचा 'मुक्ता' फुकट मिळतो आणि त्यात सात जाड्या आहेत. माझे सगळे मथळे त्यात. मजकुरासाठी 'तिरो देवनागरी मराठी' हा फाँट घेतला. वाचायला फार प्रेमळ अक्षर आहे, पण त्यात ठळक जाडी नाही; सरळ आणि तिरपं एवढंच. सॉफ्टवेअरचं 'बी' बटण दाबून खोटा ठळकपणा आणला, तर 'ध' आणि 'घ' यांची पोटं शाईने भरली. तो नाद सोडला.

मराठीसाठी फाँट घेणार असाल तर आधी एवढे शब्द टाइप करून बघा : दऱ्या, दर्या, ऱ्हास, शृंगार, ट्रॅक्टर, ॲप, उद्ध्वस्त. 'दऱ्या' आणि 'दर्या' सारखेच दिसले तर तो फाँट तिथेच सोडा. 'ल' आणि 'श' यांची मराठी वळणं २००९ च्या शासन निर्णयाने प्रमाण ठरवली आहेत. काही फाँटांत ती आत दडलेली असतात आणि मजकुराची भाषा 'मराठी' निवडल्यावरच बाहेर येतात. मला हे माहीत नव्हतं. माझ्या पहिल्या प्रुफात 'ल' हिंदी वळणाचा होता. आमच्या वाचनालयातल्या निवृत्त गुरुजींनी प्रूफ हातात घेतलं आणि मजकूर न वाचताच परत दिलं.

सगळ्यांत मोठी गंमत कोर्सच्या शिक्षकांच्या अभिप्रायाची. मी वापरत होते त्या सॉफ्टवेअरमध्ये भारतीय लिप्यांसाठीचा वेगळा कंपोझर (अक्षरं जुळवून ओळी लावणारी सोय) परिच्छेदाच्या सेटिंगमध्ये निवडावा लागतो. तो न निवडल्यामुळे माझ्या एका पानावर सगळ्या ऱ्हस्व वेलांट्या अक्षराच्या उजवीकडे गेल्या आणि जोडाक्षरांचे पाय मोडून पडले. त्या पानाला मजकुराच्या लयीबद्दल खास शाबासकी मिळाली! त्यांना मराठी येत नाही हा काही त्यांचा गुन्हा नव्हे. पण त्या दिवसापासून त्यांचा अभिप्राय मी फक्त पानाच्या ठेवणीपुरता मानू लागले आणि अक्षरांसाठी गुरुजींकडे जाऊ लागले.

शेवटचा प्रकल्प होता 'बोलकी' मांडणी : विषयाचा भाव पानानेच सांगायचा. मी जात्यावरच्या ओव्यांवरचा चार पानी लेख घेतला. पहिली कल्पना कुणालाही सुचेल तीच : ओव्या गोल फिरवायच्या, मधे खुंटा. वक्ररेषेवर चढवल्यावर शिरोरेषेचे तुकडे झाले, आतल्या बाजूला उकार एकमेकांवर चढले आणि वाचायला अंक फिरवावा लागला. तीन आठवडे त्यात घालवले.

त्याच सुमारास कमल शेडगे यांची नाटकांच्या जाहिरातींतली अक्षरं जुन्या कात्रणांत पुन्हा बघितली. त्यांच्या अक्षराकडे बघून नाटक हसवणार की घाबरवणार ते कळायचं, आणि तरी नाव एका नजरेत वाचता यायचं. माझं जातं दिसत होतं, ओवी वाचता येत नव्हती. चूक कुठे होती ते तेव्हा लक्षात आलं. सगळं काढलं. आमच्याकडच्या ओव्या बहुधा दोन ओळींच्या. एका पानावर एकच ओवी ठेवली, पानाच्या खालच्या तिसऱ्या भागात, १६ पॉइंट, डावीकडून जुळवलेली. समोरच्या पानावर लेख, तोही डावीकडूनच. दोन्ही कडा सरळ करायच्या हट्टात 'विद्यार्थ्यांबरोबरच्या' असले लांब शब्द अरुंद स्तंभात आले की शब्दांमधल्या रिकाम्या जागांच्या नद्या वाहू लागतात. पुढच्या पानावर ओवी बोटभर वर सरकते, त्याच्या पुढच्यावर आणखी वर. पानं उलटताना हात फिरल्याचा भास होतो. निदान मला तरी होतो.

छापखान्याचं थोडक्यात : त्यांनी जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमधली फाइल मागितली, मी फाँट आत घातलेली पीडीएफ दिली, दोन दिवस कुरबुर झाली आणि छापलं. मॅपलिथो कागदावर मुक्ताची सर्वांत बारीक जाडी जवळपास नाहीशी होते, एवढं ध्यानात ठेवा.

कोर्स घ्यावा का? पहिली तीन प्रकरणं आणि प्रकल्प यांसाठी हो, सवलत असेल तेव्हा. रंगांचं प्रकरण मी अर्ध्यात सोडलं. आकडे मात्र एकही जसाच्या तसा उचलू नका. घरच्या प्रिंटरवर शंभरेक पानं खर्ची पडतील ती पडू द्या.

अंक जानेवारीत आला. सासूबाई ओवीच्या पानावर थांबल्या, वरच्या रिकाम्या जागेवरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "इथलं छापायचं राहिलंय का?" परवाच्या बैठकीत खजिनदारांनीही त्याच जागेवर बोट ठेवलं. पुढच्या वर्षी तिथे अर्ध्या पानाची जाहिरात बसेल का, एवढंच त्यांना विचारायचं होतं.