चेनच्या इंजिनाला लावलेला ‘टायमिंग बेल्ट’

गणपतीला कोकणात जाणारा माणूस निघायच्या आधी गाडी सर्व्हिसिंगला टाकतोच. गिऱ्हाईक घाईत आहे, घरची सगळी गाडीत बसणार आहेत आणि ‘रस्त्यात काही नको व्हायला’ म्हणून ते खर्चाला नाही म्हणणार नाही, हे गॅरेजवाल्याला पक्कं ठाऊक असतं. पुण्यातल्या एका गॅरेजने माझ्या याच काळजीचा फायदा घेतला. गॅरेजचं नाव इथे देत नाही, कारण प्रकरण तक्रारीत आहे. पण त्यांनी जे केलं ते अनेक ठिकाणी चालतं, म्हणून तपशिलाने लिहितो.

माझी गाडी २०१८ ची पेट्रोल स्विफ्ट. इंजिन के-सिरीजचं, ११९७ सीसी, चार सिलिंडर, ८३ पीएस. भरवशाचं म्हणून नावाजलेलं इंजिन आहे आणि त्याच्या मागण्या फार नाहीत: दर १०,००० किलोमीटरला किंवा वर्षाने, जे आधी येईल तेव्हा, योग्य ग्रेडचं ऑइल आणि फिल्टर, वेळच्या वेळी प्लग, एअर फिल्टर आणि कूलंट. सकाळी गाडी दिली, दुपारी फोन आला. ‘साहेब, टायमिंग बेल्टला तडे गेलेत. घाटात तुटला तर व्हॉल्व्ह वाकतील, इंजिन उघडावं लागेल. शिवाय ई२० पेट्रोलने आत कार्बन धरलाय.’ (ई२० म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल.) संध्याकाळी गाडी मिळाली. बिलावर टायमिंग बेल्ट किट मजुरीसह ६,८००, चार इरिडियम प्लग, ५डब्ल्यू-३० सिंथेटिक ऑइल ४ लिटर, ऑइल फिल्टर, हायड्रोजन डीकार्बनायझिंग (इंजिनात साचलेला कार्बन साफ करणं) आणि ई२० साठीचं अ‍ॅडिटिव्ह, म्हणजे पेट्रोलमध्ये ओतायचं औषध. सगळे मिळून १९,०००च्या वर.

फोंडा घाट उतरताना एका वळणावर डॅशबोर्डवरचा तेलाच्या झारीचा लाल दिवा क्षणभर लागला आणि गेला. पुढच्या वळणावर पुन्हा तेच. हा दिवा ऑइलच्या प्रेशरचा असतो. तो लुकलुकला तरी गाडी बाजूला घेऊन इंजिन ताबडतोब बंद करायचं, कारण प्रेशर नसताना बेअरिंग खराब व्हायला फार वेळ लागत नाही. मी गाडी कडेला घेतली. मागे आई आणि मुलं. पाचेक मिनिटं थांबून डिपस्टिक, म्हणजे ऑइलची पातळी दाखवणारी पट्टी, काढली, पुसली, पुन्हा घालून काढली. ऑइल खालच्या खुणेच्याही खाली होतं आणि काळं कुट्ट. आधल्याच दिवशी ‘४ लिटर नवीन सिंथेटिक’ भरलेल्या गाडीतलं ऑइल! पातळी इतकी खाली गेली की वळणावर आणि उतारावर ऑइल इंजिनाच्या तळाशी असलेल्या टाकीत (‘संप’मध्ये) एका बाजूला सरकतं, पंपाच्या तोंडाशी हवा येते आणि प्रेशर पडतं. फोंड्याहून ऑइलचा सीलबंद डबा मागवला, पातळी वरच्या खुणेपर्यंत आणली आणि कुडाळपर्यंत सावकाश गेलो.

कुडाळच्या मेकॅनिकने बिल वाचलं आणि बॉनेट उघडायच्या आधीच म्हणाला, ‘ह्या इंजिनाक चेन आसा. बेल्ट खंयचो बदललो तेंनी?’

सगळी फसवणूक त्या एका प्रश्नात होती. टायमिंग बेल्टचं काम कॅमशाफ्ट, म्हणजे व्हॉल्व्ह उघडमिट करणारा दांडा, फिरवण्याचं. या इंजिनात त्यासाठी बेल्ट नाहीच, चेन आहे. ती बंद कव्हरच्या आत इंजिन ऑइलमध्ये चालते आणि ठरावीक किलोमीटरला बदलायची नसते. बाहेर दिसतो तो रबरी पट्टा अल्टरनेटर आणि वॉटर पंप फिरवतो. त्याला बोलीत फॅन बेल्ट म्हणतात आणि तो शेकड्यांत येतो. माझा तोही जुनाच होता. चेनपर्यंत पोचायचं तर क्रँक पुली, एका बाजूचं माउंटिंग, व्हॉल्व्ह कव्हर काढावं लागतं आणि बसवताना जोडावर नवीन सीलंट लावावं लागतं. माझ्या कव्हरच्या जोडावर जुनी धूळ जशीच्या तशी होती, एकाही बोल्टवर पान्याचा ओरखडा नव्हता.

मग त्याने प्लग काढून माझ्या तळहातावर ठेवला. इरिडियम प्लगचं मधलं टोक सुईसारखं बारीक असतं, मिलिमीटरहूनही कमी. माझ्या हातातल्या प्लगचं टोक चांगलं जाड होतं, कडा झिजून गोल झालेल्या. साधे निकेलचे, तेही जुने. आणि ऑइल फिल्टर? मागच्या सर्व्हिसला आमच्या नेहमीच्या मेकॅनिकने त्यावर पांढऱ्या पेनने तारीख आणि किलोमीटर लिहिले होते. ते अक्षर तसंच होतं. तो नेहमीचा मेकॅनिक सणाला गावी गेला होता, म्हणून मी नव्या ठिकाणी गेलो होतो.

बेल्टची थाप का खपते, तर तिच्यात अर्धं खरं आहे. मारुती ८०० आणि जुनी झेन यांना टायमिंग बेल्ट होता, आणि तो वेळेवर बदलावा लागे. आजही फोक्सवॅगन-स्कोडाच्या १.० टीएसआय इंजिनाला बेल्टच आहे. पण मारुतीची के-सिरीज, ह्युंदाईचं १.२ कप्पा, होंडाचं १.२ आय-व्हीटेक ही सगळी चेनची इंजिनं. आपल्या गाडीत काय आहे ते गॅरेजला जाण्याआधी मॅन्युअलमध्ये बघून ठेवा.

ई२० ची भीतीही तशीच वापरली जाते. जुन्या गाड्यांत इथेनॉलमुळे रबरी नळ्या आणि सील लवकर खराब होण्याची काळजी खरी आहे, मायलेज थोडं घटतं हेही खरं, कारण लिटरमागे इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश कमी ऊर्जा असते. पण बाटलीतल्या अ‍ॅडिटिव्हने नळीचं रबर बदलत नाही. आणि माझ्या इंजिनात पेट्रोल इनटेक व्हॉल्व्हच्या मागे फवारलं जातं, त्यामुळे व्हॉल्व्ह धुतले जात राहतात. व्हॉल्व्हवर कार्बन साचण्याची खरी तक्रार थेट सिलिंडरमध्ये इंधन सोडणाऱ्या इंजिनांची असते. ते डीकार्बनायझिंग मला विकायचं कारणच नव्हतं.

पैशांपेक्षा मला राग आहे तो ऑइलचा. न केलेल्या कामाचे पैसे लाटणं ही चोरी. पण घाटात जाणार हे सांगितलेलं असताना ऑइल न बदलता, पातळीही न बघता गाडी हातात देणं म्हणजे आतल्या माणसांच्या जिवाशी खेळ आहे.

आता मी काय करतो ते सांगतो. काढलेले सगळे जुने भाग, फिल्टर आणि प्लगसुद्धा, परत मागतो. ऑइलचा डबा सील फोडताना समोर बघतो. माझ्या इंजिनात फिल्टर धरून तीन लिटरच्या थोडं वर ऑइल बसतं, तेव्हा ४ लिटर बिलात असेल तर उरलेलं डब्यासकट घेतो. गॅरेजबाहेर पडण्याआधी डिपस्टिक बघतो. ‘अमुक बदलायला हवं’ असा फोन आला तर आधी फोटो मागतो, गाडीचा नंबर दिसेल असा.

गॅरेजला फोटो पाठवल्यावर मालक आधी म्हणाला की पोराकडून दुसऱ्या गाडीचं बिल लागलं. बिलावर माझ्याच गाडीचा नंबर आहे हे दाखवल्यावर ऑइल-फिल्टरचे पैसे द्यायला तयार झाला, बेल्टचे नाही. मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, तक्रार नोंदवली आहे. तिथे तडजोड झाली नाही तर जिल्हा ग्राहक आयोगात जाणार आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली घटनेपासून दोन वर्षांत तक्रार करता येते, ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, आणि ई-जागृती पोर्टलवर ती घरबसल्या दाखल होते. पक्कं बिल मात्र हाताशी असलेलं बरं. कुडाळच्या मेकॅनिकने काय आढळलं ते सही करून लेखी दिलंय, प्लग आणि फिल्टर पिशवीत घालून ठेवलेत. तुमच्या चेनच्या गाडीच्या जुन्या बिलात ‘टायमिंग बेल्ट’ अशी ओळ असेल तर ते बिल फेकू नका.