अन्यायी कायदा पाळायचा की मोडायचा? महाड आणि वडाळा शेजारी ठेवून बघू

परवा हार्बरच्या गाडीत एक आंधळे काका खंजिरी वाजवत, गाणं म्हणत आले, मी दहाची नोट दिली तर माझा भाचा (लॉ करतोय) म्हणाला, मावशी, 1959 च्या भीक प्रतिबंधक कायद्यात गाणं म्हणून पैसे मागणं पण भीकच, विनावॉरंट पकडता येतं आणि पहिल्याच वेळेला एक ते तीन वर्षं डांबून ठेवायची तरतूद आहे. मग विचारतो कसा, हा कायदा पाळणं काकांचं नैतिक कर्तव्य आहे का? तेवढ्यात वडाळा आलं, उतरलो, पण प्रश्न काही डोक्यातून जाईना.

एक रस्ता, कायदा पाळायचा आणि कोर्टात भांडायचं. कायदा मोडला म्हणून लोक महाडचं नाव घेतात, पण 20 मार्च 1927 ला बाबासाहेब चवदार तळ्याचं पाणी प्यायले तेव्हा कायदा मोडलाच नव्हता, सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करा असं सांगणारा मुंबई कायदेमंडळाचा 1923 चा बोले ठराव त्यांच्या बाजूने होता, महाड नगरपालिकेनेही तळं खुलं केलेलं, आडवे आले ते गावातले सवर्ण. डिसेंबरला परत हजारो माणसं जमली तेव्हा मात्र कोर्टाचा मनाई हुकूम आलेला. 25 डिसेंबरला मनुस्मृती जाळली, पण पाण्याला हात लावला नाही, एवढा संताप असलेल्या माणसांनी हुकूम पाळला हे वाचताना माझ्या अंगावर काटा येतो. हायकोर्टाचा निकाल बाबासाहेबांच्या बाजूने लागला 1937 ला. म्हणजे या रस्त्याला दहा वर्षं धरून चाला.

दुसरा, उघड मोडायचा आणि शिक्षा घ्यायची. 1930 ला याच वडाळ्याच्या मिठागरावर मूठभर मीठ उचलायला लोकांच्या झुंडी आल्या, लाठ्या खाल्ल्या, परत आल्या. तेव्हा कायदे करणारं सरकार आपलं नव्हतं हा मोठा फरक. म्हणूनच बाबासाहेबांनी 25 नोव्हेंबर 1949 ला संविधान सभेत सांगितलं की सनदशीर मार्ग खुला असताना सत्याग्रह सोडून द्यायला हवा. मला हे पटतं, फक्त तो मार्ग कुणाला खुला आहे हे विचारायचं.

कारण तिसरा प्रकार पण आहे, गुपचूप मोडणं, आणि याला लोक सरसकट भित्रेपणा म्हणतात ते मला अजिबात मान्य नाही. 6 सप्टेंबर 2018 पर्यंत समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम 377 मुळे या शहरात किती जणांनी आपलं प्रेम लपवून ठेवलं, त्यांना काय सांगणार होतो, उघडपणे जेलमध्ये जा? ज्याला नोकरी, घर, वकील आहे त्याच्याकडून उघडपणाची अपेक्षा करा.

सिग्नल आपण पाळतो कारण बाकीचे पण पाळतात आणि सगळ्यांनाच सुखरूप रस्ता ओलांडता येतो, हा पाळण्याच्या बाजूचा चांगला मुद्दा आहे, पण भीक कायद्यातून काकांना काय मिळतं? काही नाही. त्यामुळे माझं उत्तर, काकांवर तो पाळायचं कर्तव्य नाही. माझ्यावर आणि भाच्यावर मात्र तो बदलायला धडपडायचं आहे. दिल्ली हायकोर्टाने 2018 ला याच कायद्याची बरीचशी कलमं दिल्लीपुरती रद्द केली, आणि ती याचिका भीक मागणाऱ्यांनी नव्हती केली, त्यांच्यासाठी दुसरे उभे राहिले. भाच्याला सांगितलंय, तो निकाल प्रिंट काढून रविवारी घरी घेऊन ये, बसून पूर्ण वाचू.