जळगावहून व्हिएन्ना : एका प्रवास नियोजन सेवेविषयी

व्हिएन्नाचे तिकीट काढून देणारे पुष्कळ भेटतात. मात्र जळगावच्या फलाटापासून तिथल्या हॉटेलच्या दारापर्यंतचा सगळा हिशेब मांडून देणारे क्वचितच. नवी पेठेतील ज्या कार्यालयाकडे आम्ही आई-वडिलांसह करायच्या या सहलीचे नियोजन सोपवले, त्यांनी तो मांडला, म्हणून हा अभिप्राय.

विमान निवडताना त्यांनी दाखवलेली जाण मला सर्वांत मोलाची वाटली. फ्रँकफर्टमार्गे जाणारे तिकीट स्वस्त होते. परंतु त्या मार्गाने शेंगेन क्षेत्रातील (एकच व्हिसा चालणाऱ्या युरोपीय देशांच्या गटातील) प्रवेशाची तपासणी फ्रँकफर्टलाच होते, १२ ऑक्टोबर २०२५ पासून सुरू झालेल्या नव्या पद्धतीत चेहऱ्याचे छायाचित्र नोंदवायलाही वेळ लागतो, आणि पुढच्या विमानापर्यंत हाती जेमतेम सव्वा तास उरत होता. वडिलांच्या गुडघ्यांचा विचार करून त्यांनी दोहामार्गे, पुरेसे अंतर ठेवून आणि दोन्ही विमाने एकाच पीएनआरवर असतील असे तिकीट काढले. त्यामुळे सामान थेट व्हिएन्नाला मिळाले, आणि पहिल्या विमानाला उशीर झाला असता तरी पुढची सोय करण्याची जबाबदारी विमान कंपनीचीच राहिली असती. मुंबईचे विमान पहाटेचे होते, तरी रेल्वे आदल्या दिवशी दुपारीच दादरला पोहोचणारी निवडली होती.

व्हिसाची फाईलही तितक्याच बारकाईने तयार झाली. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि किमान १५ दिवस आधी करावाच लागतो, विमा किमान ३०,००० युरोंचा हवा, हे कोणीही सांगेल. यांनी वडिलांचे पासबुक ओळीओळीने वाचले आणि केळीच्या विक्रीची एक मोठी जमा दिसताच व्यापाऱ्याची पट्टी (विक्रीची पावती) व सातबारा उतारा इंग्रजी अनुवादासह जोडायला लावला. शेतीचे उत्पन्न असलेल्या खान्देशातील कुटुंबाने हे अवश्य करावे. ठसे देण्यासाठी मुंबईला जावे लागले, पण एकही कागद परत आला नाही.

सामानाच्या सूचनाही नेमक्या होत्या. युरोपीय संघात बाहेरून दुग्धजन्य पदार्थ नेता येत नाहीत, म्हणून आईने बांधलेले पेढे आणि तूप घरीच ठेवायला सांगितले. केळीचे वेफर्स, शेव आणि बिबड्या चालल्या. रविवारी तिथली बहुतेक दुकाने बंद असतात, हे आधीच कळल्यामुळे शनिवारीच किराणा भरता आला. विमानतळावरून शहरात जायला १६ मिनिटांच्या महागड्या गाडीऐवजी सुमारे २५ मिनिटांची एस-७ लोकल सुचवली होती. ती अगदी सोयीची आहे.

दोन गोष्टी मात्र खटकल्या. रात्रभरच्या प्रवासानंतर त्याच दिवशी दुपारी शॉनब्रुन राजवाड्याचे ठरावीक वेळेचे तिकीट काढून ठेवले होते. एवढा भव्य राजवाडा ज्येष्ठांना थकलेल्या पायांनी दाखवू नये. दुसरे म्हणजे, परदेशी सहलीच्या रकमेवर आकारला जाणारा टीसीएस (पैसे घेतानाच गोळा केला जाणारा प्राप्तिकर) पहिल्या अंदाजपत्रकात दाखवलेलाच नव्हता. विवरणपत्र भरताना त्याचे श्रेय मिळते हे खरे, तरी तेवढे पैसे आधी उभे करावे लागतात. आगाऊ रक्कम देण्यापूर्वी टीसीएस आणि त्यांचे सेवाशुल्क वेगळे लिहून मागावे. मागितल्यावर ते लगेच देतात.