व्हिटॅमिन डी: बोटाचा थेंब की शिरेतलं रक्त?

व्हिटॅमिन डी तपासायला आता शिरेत सुई खुपसून घ्यावीच लागते असं नाही. बोटाला टोचून तीन-चार थेंब टीपकागदासारख्या जाड कार्डावर घ्यायचे, वाळवायचे आणि पाकिटातून प्रयोगशाळेला धाडायचे, असंही चालतं. नवजात बाळांच्या टाचेतून असं रक्त १९६०च्या दशकापासून घेतात.

दोन्हीकडे मोजतात ते २५-हायड्रॉक्सी व्हिटॅमिन डी, म्हणजे रक्तात फिरणारं या व्हिटॅमिनचं रूप. ते टिकाऊ असतं, त्यामुळे टपालातल्या दिवसांची फारशी काळजी नको. काळजी आपल्या हाताची. थेंब लहान पडला म्हणून मी त्यावरच दुसरा टाकला आणि पहिलं कार्ड बाद झालं. हात कोमट पाण्याने धुऊन कोरडे करा, बोटाच्या कडेला टोचा, पहिला थेंब पुसून टाका. बोट पिळू नका; पिळलं की आसपासचं पाणी रक्तात उतरतं. कार्ड उलटून पाहिलं तर मागेही वर्तुळ भरलेलं दिसायला हवं. मग निदान तीन-चार तास सावलीत, आडवं ठेवून वाळवायचं. हेअर ड्रायर अजिबात नको.

शिरेतून रक्त देताना ही सगळी कटकट दुसऱ्याची. शिवाय त्याच टोचणीत कॅल्शियम, फॉस्फरस, अल्कलाइन फॉस्फेटेज, पॅराथायरॉइड हार्मोन, सगळं उरकतं. माझ्या लेखी निवाडा इथेच होतो. हाडं दुखतात, मूत्रपिंडाचा आजार आहे, खाल्लेलं अंगी लागत नाही, मुलाचे पाय वाकतायत, अशा वेळी एकट्या डीच्या आकड्यावर डॉक्टरांचं भागत नाही. सरळ शिरेतून द्या. रक्त फार कमी असेल तरीही तेच बरं: हे व्हिटॅमिन तांबड्या पेशींत जवळजवळ नसतंच, आणि कार्डावर पेशींसकट अख्खं रक्त असतं, म्हणून सीरमचा, म्हणजे पेशी वगळून उरणाऱ्या रक्तद्रवाचा, आकडा हिशेबाने काढावा लागतो. पेशींचं प्रमाण नेहमीपेक्षा वेगळं असलं की तो हिशेब हलतो.

गोळ्या चालू आहेत, फक्त पातळी चढली का पाहायचंय, किंवा घरातलं म्हातारं माणूस बाहेर पडू शकत नाही, तर कार्ड उत्तम. मात्र ते मास स्पेक्ट्रोमेट्रीवर, म्हणजे रेणू वजनावरून ओळखणाऱ्या यंत्रावर, तपासतात ना, हे आधी विचारा. त्यात डी२ आणि डी३ ही या व्हिटॅमिनची दोन रूपं वेगळी कळतात, आणि केसांसाठी बायोटिन घेणाऱ्यांचा आकडाही बिघडत नाही. शिरेच्या रक्तावरच्या काही इम्युनोअसे (अँटीबॉडी वापरून मोजणाऱ्या) चाचण्यांत तो बिघडतो.

काहीच त्रास नाही, नुसती उत्सुकता आहे? अमेरिकेच्या एंडोक्राइन सोसायटीने २०२४ मध्ये निरोगी प्रौढांची सरसकट तपासणी नको असंच सांगितलंय.

पुन्हा तपासायचं तर साधारण तीन महिन्यांनी, त्याच पद्धतीने, त्याच प्रयोगशाळेत. आणि एकक बघा: २० नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर म्हणजेच ५० नॅनोमोल प्रति लिटर. पहिला रिपोर्ट एका एककात आणि दुसरा दुसऱ्यात आला, की काहीही न बदलता माणूस अडीचपट सुधारल्यासारखा वाटतो.