राउटर नसतानाही चालणारी जोडणी : व्हर्च्युअलबॉक्सचे होस्ट-ओन्ली नेटवर्क

वाय-फाय बंद आहे, केबल काढलेली आहे, आणि तरीही आपल्याच संगणकात (म्हणजे होस्टमध्ये) चालणाऱ्या आभासी संगणकातील, म्हणजेच गेस्ट लिनक्समधला वेब सर्व्हर होस्टच्या ब्राउझरमध्ये उघडायचा आहे. या एका कामासाठी मी व्हर्च्युअलबॉक्स या आभासी संगणक चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमधील नेटवर्कचे तीन प्रकार वापरून पाहिले आणि होस्ट-ओन्ली ॲडॅप्टरवर स्थिरावलो.

आधी मी ब्रिज्ड प्रकार निवडला होता, आणि ती निवड माझीच चूक होती. त्यात गेस्टला पत्ता बाहेरच्या राउटरकडून मिळतो. राउटरच नसेल तर विंडोज गेस्ट १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता स्वतःच घेऊन बसतो. नॅटमध्ये, म्हणजे गेस्ट होस्टच्याच पत्त्याआडून बाहेर जातो त्या प्रकारात, गेस्टला १०.०.२.२ या पत्त्यावर होस्ट सापडतो, परंतु उलट दिशेने यायचे तर प्रत्येक पोर्टसाठी (सेवेच्या क्रमांकित दारासाठी) फॉरवर्डिंगचा, म्हणजे वाहतूक पुढे गेस्टकडे पाठवण्याचा, वेगळा नियम लिहावा लागतो.

होस्ट-ओन्लीमध्ये होस्टवरच एक आभासी कार्ड तयार होते. त्याचा पत्ता सहसा १९२.१६८.५६.१ असतो, आणि व्हर्च्युअलबॉक्सचा स्वतःचा डीएचसीपी सर्व्हर गेस्टना १९२.१६८.५६.१०१ पासून पुढचे पत्ते वाटतो. सगळा व्यवहार संगणकाच्या आतच होत असल्याने बाहेरची केबल असण्या-नसण्याने त्यात काहीही फरक पडत नाही, आणि माझ्या मते हाच या सोयीचा सर्वांत मोठा गुण आहे.

विंडोज होस्टवर मात्र एक गोष्ट आधीच माहीत असावी. होस्टवरून गेस्टला पिंग (जोडणी तपासणारा छोटा संदेश) जाते, पण गेस्टवरून होस्टला केलेल्या पिंगला अनेकदा उत्तरच येत नाही, कारण विंडोज या अनोळखी नेटवर्कला 'पब्लिक' समजते आणि फायरवॉल आड येते. जोडणी तुटली असे समजून सेटिंग्ज उलटसुलट करण्याआधी ही शक्यता तपासावी. आणि फायरवॉल सरसकट बंद न करता १९२.१६८.५६ या पट्ट्यापुरता इनबाउंड नियम, म्हणजे आत येणाऱ्या वाहतुकीला परवानगी देणारा नियम, करावा. लिनक्स होस्टवर ६.१.२८ या आवृत्तीपासून ठरावीक पट्ट्याबाहेरचा पत्ता '/ईटीसी/व्हीबॉक्स' मधील 'नेटवर्क्स.कॉन्फ' फाइलमध्ये नोंदवल्याशिवाय स्वीकारला जात नाही.

या प्रकारातून गेस्टला इंटरनेट मिळत नाही, म्हणून मी पहिले कार्ड नॅटचे आणि दुसरे होस्ट-ओन्ली ठेवतो. गेस्टमध्ये दुसरे कार्ड 'ईएनपी०एस८' या नावाने दिसते. त्याला मी डीएचसीपीच्या टप्प्याबाहेरचा १९२.१६८.५६.१० हा कायमचा पत्ता दिला आणि गेटवेची (बाहेरच्या नेटवर्ककडे जाणाऱ्या वाटेच्या पत्त्याची) जागा मुद्दाम रिकामी सोडली. तिथे काही भरले असते तर इंटरनेटची वाहतूकही याच बंद रस्त्याने जाऊ पाहिली असती. होस्टच्या 'होस्ट्स' फाइलमध्ये या पत्त्याला एक नाव दिले असून, केबल लावलेली असो वा काढलेली, ब्राउझरमध्ये मी तेच नाव टाकतो आणि पान उघडते.