सव्वा लाखाचा स्टिकर

शिनोळीला ज्या माणसाने मला सायकल विकली, त्याचं बरंचसं बोलणं खरं निघालं. पुढचा फोर्क, म्हणजे चिमटा, फॉक्स कंपनीचाच होता, ब्रेक शिमानोचे होते, सीट खालीवर करणारा ड्रॉपरही लोण्यासारखा चालत होता. खोटं होतं ते त्याने तोंडाने सांगितलं नाही. ते पुढच्या तिरक्या नळीखाली, रंग जपायला लावतात तसल्या पारदर्शक स्टिकरच्या आड बसलं होतं.

मी बेळगावचा. सहा वर्षं हार्डटेल, म्हणजे मागे शॉक नसलेली सायकल, चालवली. बहुतेक रविवारी राजहंसगड, म्हणजे आमच्या तोंडी येळ्ळूरचा गड, नाहीतर देवरवाडीकडून वैजनाथचा डोंगर. जांभ्याचे दगड आणि पावसाने कोरलेल्या चरी यांवरून तसली सायकल जोरात सोडली की कंबर घरी येऊन हिशेब मागते. मला एकच सायकल हवी होती. गड पेडल मारत चढायचा, उतरताना दगड-पायऱ्या बघून ब्रेक दाबत बसायचं नाही, आणि अधूनमधून जांबोटीपर्यंत डांबरी रस्त्यानेही जायचं. अशा मागणीला 130 ते 150 मिलिमीटर ट्रॅव्हलची ट्रेल सायकल लागते. ट्रॅव्हल म्हणजे धक्का बसल्यावर चाक जितकं वर सरकू शकतं ते अंतर. 100-120 वाल्या शर्यतीच्या, हलक्या. 160-170 च्या एन्ड्युरो उतारावर राजा, पण चढाला दम काढतात. एवढं मला कळत होतं. एवढंच कळत होतं, हे नंतर कळलं.

नवी घ्यायची तर तीन लाखांच्या पुढची बात. तेव्हा, 2024 मध्ये, बाहेरून येणाऱ्या सायकलीवर नुसतं सीमाशुल्कच 35 टक्के होतं, त्यावर बाकीचं. म्हणून जुनी शोधत होतो.

2024 च्या सप्टेंबरात, अनंत चतुर्दशी होऊन गेल्यावर, जाहिरात दिसली. 29 इंची चाकं, ट्रॅव्हल पुढे 160, मागे 145, ॲल्युमिनियम फ्रेम, किंमत 1,45,000. मी आधीच सावध होतो. आमच्याकडे मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र असल्यामुळे ‘मी फौजी आहे, बदली झाली, सामान विकतोय’ म्हणणाऱ्या भामट्यांचे किस्से घरोघरी. ते क्यूआर कोड पाठवतात आणि ‘पैसे मिळतील, स्कॅन करा’ म्हणतात. पैसे घ्यायला स्कॅन करावं लागत नाही हे आता आमच्या आजीलाही पाठ आहे. हा माणूस मात्र म्हणाला, ‘आधी बघा, चालवा, मग पैसे द्या.’ मी निर्धास्त झालो. एका प्रकारच्या चोराची भीती बाळगणारा माणूस दुसऱ्या प्रकारच्या चोराला किती प्रेमाने भेटतो!

तो म्हणाला, पुण्याहून सावंतवाडीला चाललोय, वाटेत शिनोळीला भेटू. बेळगावहून पंधरा-एक किलोमीटर, कर्नाटकची हद्द ओलांडली की महाराष्ट्रातला चंदगड तालुका. घर नाही, दुकान नाही, रस्त्याच्या कडेला गाडीच्या कॅरियरवर सायकल. संध्याकाळ, भुरभुर पाऊस. सायकल धुवून पुसून चकचकीत.

मी फोर्कचे पाय बघितले, चरे नव्हते. गिअर पाडून बघितले. ब्रेक दाबले. शॉकमध्ये माझ्या वजनाइतकी हवा भरून सॅगही मोजला, म्हणजे नुसतं बसल्यावर शॉक किती दबतो ते. 16 मिलिमीटर भरला. शॉक जास्तीत जास्त जितका दबतो तो त्याचा स्ट्रोक, इथे 55, त्याचा जवळजवळ तीस टक्के. अगदी पुस्तकात सांगतात तसा. सीटच्या उभ्या नळीवर मागच्या बाजूला रंग घासून निस्तेज झाला होता. विचारलं. ‘चिखल अडकतो ना, त्याने.’ नळीखालच्या स्टिकरबद्दल विचारलंच नाही, उलट कौतुक केलं. जपून वापरणारा माणूस दिसतोय!

सव्वा लाखावर सौदा पटला. दहा हजार आधीच टोकन म्हणून यूपीआयने गेले होते, उरलेले 1,15,000 रोख. यूपीआयवर नाव वेगळंच आलं होतं. ‘मेहुण्याचं खातं आहे,’ म्हणाला. बिल हरवलेलं. पण फ्रेमला आजीवन वॉरंटी! ही आजीवन वॉरंटी बहुतेक कंपन्यांत पहिल्या मालकाच्या आयुष्यापुरती असते, तीही मूळ बिलावर. बिल नाही म्हटल्यावर ती वॉरंटी म्हणजे रिकामं पाकीट. मी मान डोलावली.

दोन महिने मजेत गेले, खोटं कशाला बोलू. गडावरून उतरताना वाटायचं, खालचे दगड कुणीतरी उचलून नेलेत. शॉकवरचं रबरी कडं शेवटपर्यंत सरकलेलं दिसलं की मी खूश. ट्रॅव्हल पूर्ण वापरतोय गडी! डिसेंबरात चढाला पुढून टिक-टिक आवाज यायला लागला. हेडसेट असेल, म्हणजे हँडल फिरतं तिथलं बेअरिंग, छर्रे असतील म्हणून ग्रीस भरलं. आवाज गेला नाही. शहापुरातल्या मिस्त्रीमामांकडे नेली. त्यांचा सगळा जन्म साध्या काळ्या सायकलींवर गेलाय, असली सायकल त्यांनी फारतर दोनदा बघितलेली.

त्यांनी विचारलं, ‘हवा काढली तर मागचं किती खाली बसतं?’

मला माहीत नव्हतं. व्हॉल्व्ह दाबून शॉकमधली हवा हळूहळू पूर्ण सोडली आणि सीटवर जोर देऊन मागचा भाग खाली दाबला. टायर जाऊन थेट उभ्या नळीला टेकला, बरोबर त्या निस्तेज पट्ट्यावर.

‘हे काय गा? चाक नळीला लागतंय की! असली कसली सायकल घेतलास?’

मग घरी बसून आकडे जुळवले. फ्रेम मुळात 130 ची. तिला शॉक लागतो 210 बाय 50 चा. याने बसवला होता 210 बाय 55. दोन्हींची लांबी सारखीच 210, त्यामुळे भोकं बरोबर जुळतात, बाहेरून काही कळत नाही. वाढतो तो फक्त स्ट्रोक. शॉक पाच मिलिमीटर जास्त दबला की मागचं चाक तेरा मिलिमीटर जास्त वर येतं. 130 चे झाले 143, जाहिरातीत 145. कंपनीने जिथे जागा संपवली होती, तिथून पुढे टायर नळीत. शॉकचं माप त्याच्या अंगावर छापलेलं असतं. मी ते 210 बाय 55 वाचलंही होतं. मूळ मॉडेलला काय माप लागतं, हे मात्र कंपनीच्या तक्त्यात बघायला पाच मिनिटं काढली नव्हती.

पुढे तीच तऱ्हा. फ्रेमला 140 चा फोर्क, जास्तीत जास्त 150 ची परवानगी. लावलेला 160. फॉक्सच्या फोर्कला पायाच्या मागच्या बाजूला चार अक्षरांचा कोड असतो, तो कंपनीच्या साइटवर टाकला की फोर्कची कुंडली निघते. हा कुठल्या तरी दुसऱ्याच सायकलीवरून काढलेला. वीस मिलिमीटर लांब फोर्क लावला की हँडलचा कोन साधारण एका अंशाने झुकतो. उताराला ते छानच वाटतं, मलाही वाटलंच होतं. पण चिमटा जितका लांब, तितका प्रत्येक धक्क्याचा हिसका पुढच्या जोडावर जास्त.

मिस्त्रीमामांनी तोवर केस वाळवायचं मशीन आणून स्टिकर गरम करून सोलला होता. हेडट्यूबच्या, म्हणजे हँडलखालच्या पुढच्या नळीच्या मागे, तिरकी नळी जिथे वेल्ड होते तिथून बोटभर खाली, केसासारखी रेघ. नखाला लागत होती. रेघेच्या एका टोकाला कंपनीच्या रंगाशी जवळजवळ जुळणारा रंग, खाली पुट्टी. म्हणजे तडा माझ्याकडे येण्याआधीचा. मी फक्त वाढवला.

उद्यमबागेत ॲल्युमिनियम वेल्डिंग करणाऱ्या ओळखीच्या माणसाकडे गेलो. त्याने सरळ सांगितलं, ‘टिग वेल्डिंग मारून देतो, दिसायला झकास होईल. पण ही 6061 जातीच्या ॲल्युमिनियमची असली तर वेल्डच्या आजूबाजूची ताकद जाते. पूर्ण फ्रेम परत हीट ट्रीट करायला पाहिजे. तू गडावरून उडी मारणार आणि पुढचं चाक हातात येणार. नको.’ पैसे मिळत असताना ‘नको’ म्हणणारा या प्रकरणातला तो एकटाच.

विकणाऱ्याचा फोन एव्हाना बंद. तक्रार द्यायला गेलो तर इथे म्हणाले, व्यवहार शिनोळीला झालाय, महाराष्ट्रात जा. तिकडे म्हणाले, तुम्ही बेळगावचे, टोकन बेळगावहून गेलंय, तिकडेच द्या. सीमाभागातल्या माणसाला हे नवीन नाही, रेशनकार्डापासून सवय आहे. मग एका वकिलांनी सांगितलं की 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 प्रमाणे हद्द कुठलीही असो, दखलपात्र गुन्ह्याची माहिती घ्यावीच लागते, झिरो एफआयआर म्हणतात ते. हे वाक्य कागदावर लिहून घेऊन गेलो तेव्हा तक्रार घेतली. पोच कन्नडमध्ये मिळाली. कन्नड मला येतं, म्हणून नीट वाचून घेतली. त्यात ‘सायकल’च्या जागी ‘मोटारसायकल’ लिहिलं होतं, ते तिथल्या तिथे दुरुस्त करून घेतलं. पुढे अजून काही झालेलं नाही. ग्राहक आयोगाचंही विचारलं. पाच लाखांपर्यंत फी नाही, आपण राहतो तिथे दावा लावता येतो. पण समोरचा दुकानदार किंवा धंदा करणारा पाहिजे. स्वतःची जुनी वस्तू एकदाच विकणाऱ्याविरुद्ध ते दार उघडत नाही, आणि हा धंदाच करतो हे सिद्ध करायला माझ्याकडे त्याचं खरं नावही नाही.

फोर्क मी विकला, त्याची सगळी कुंडली सांगून, त्यामुळे स्वस्तात गेला. चाकं आणि ब्रेक हार्डटेलवर चढवले. राहिली फ्रेम. ती घ्यायला गेल्या महिन्यात कोल्हापूरकडून एक जण आला. मी तडा दाखवला, नख लावून दाखवला. त्याने मान हलवली आणि आठ हजार देतो म्हणाला.

‘अहो, पण ही चालवता यायची नाही.’

‘चालवायची कुठाय? वर एक स्टिकर मारला की झालं.’

त्याला चहा पाजून वाटेला लावलं. मग मिस्त्रीमामांकडून लोखंड कापायची करवत आणली आणि तिरकी नळी तड्याच्या जागी आरपार कापून टाकली. मामा म्हणाले, ‘आठ हजार घालवलास की रे.’ भंगारवाल्याने कापलेल्या फ्रेमचे किलोच्या भावाने पैसे दिले.